जानेवारीत उपटलेला वाफा

बाई,

तुमच्या पुतण्यानं माझ्याकडे तुमच्याविषयी चार ओळी मागितल्या आहेत. लोणावळ्याचा बंगला त्यानं रंगवून घेतलाय, वरच्या खोल्यांना बाथरूम जोडल्यात आणि दिवाळीपासून तो तिथं पाहुणे ठेवणार आहे. मागच्या ओढ्यापाशी त्याला एक पाटी लावायची आहे. तुम्ही उटीहून वॉटरक्रेस आणलीत, ओढ्यात तिचे वाफे केलेत, या भागात ही भाजी तुमच्यामुळे माहीत झाली, असा काहीतरी मजकूर त्याला त्या पाटीवर हवा होता. तो फोनवर म्हणाला, ताई, काकूंना तुमच्याइतकं कोण ओळखतं? ते खरं आहे. म्हणून मी लिहायला बसले. पहिल्याच ओळीत 'प्रेमळ' हा शब्द आला आणि हात थांबला. शब्द खोटा होता म्हणून नाही. तो खरा होता, आणि तो तसा पाटीवर जाऊन बसला तर बाकीचं सगळं कायमचं पुसलं जाईल, म्हणून. तो कागद तिथंच राहिला, आता तुम्हालाच लिहिते आहे. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. आता मधेच बोलून माझं वाक्य दुरुस्त करायला तुम्ही नाही.

आई तुमच्याकडे कामाला लागली तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. वडील रेल्वेत गँगमन, ड्युटी घाटातल्या रुळांवर, आणि तुमच्या बंगल्यामागचं आउटहाऊस आम्हाला राहायला. तुम्ही मुंबईच्या शाळेतून निवृत्त होऊन कायमच्या लोणावळ्याला आलात. काका गेलेले, मूल नाही. एका हिवाळ्यात तुम्ही उटीला मैत्रिणीकडे गेलात आणि येताना ओल्या रुमालात गुंडाळून ओंजळभर हिरव्या काड्या घेऊन आलात. ही मोहरीच्या कुळातली आहे पण पाण्यात राहते, असं तुम्ही आईला सांगितलंत. आईनं एक पान चावून बघितलं आणि म्हणाली, ह्यो तर पाण्यातला हळीव. तुम्हाला ते नाव इतकं आवडलं की आल्यागेल्याला तुम्ही दोन्ही नावं सांगायचात. नाव आईचं आहे हेही सांगायचात. मी हे मुद्दाम लिहिते आहे. तुमचं चांगलं ते मी विसरले असं तुम्हाला म्हणता येऊ नये.

वाफे आईनं केले. तुम्ही काठावर खुर्ची टाकून पुस्तकातून वाचून सांगायचात आणि आई ओढ्यात उतरून दगड रचायची. पाणी वाहतं हवं पण धावतं नको, घोट्याएवढं हवं, तळाला बारीक खडी हवी. आईनं ओढ्याचं पाणी एका बाजूला वळवून पायऱ्यांसारखे वाफे काढले, एकातलं पाणी दुसऱ्यात उतरेल असे. काड्या खोचल्या तशा आठवड्याभरात त्यांच्या पेरापेराला पांढऱ्या मुळ्या फुटल्या. पुढं तर आई छाटलेल्या काड्या नुसत्या पाण्यावर टाकून द्यायची आणि त्या रुजायच्या. जूनमध्ये लोणावळ्याचं पाणी ओढ्यात काही ठेवत नाही, म्हणून पावसाच्या आधी सगळी झाडं उचलून पत्र्याच्या टबांत, आउटहाऊसच्या वळचणीखाली. दसरा झाला की परत ओढ्यात. तीच झाडं, दर वर्षी. थंडी पडली की पानं गडद आणि जाड होतात, डिसेंबर-जानेवारीत सगळ्यात चांगली. मार्च सरता सरता पांढरी, चार पाकळ्यांची बारकी फुलं येतात आणि पाला कडू होतो, मग खुडणं बंद. हे सगळं मी तुमच्याकडून शिकले. नीट शिकले. हंगाम केव्हा सुरू होतो आणि केव्हा संपतो हे तर मला झोपेतून उठवून विचारलं असतंत तरी सांगितलं असतं. तुम्ही ते विसरलात.

तुमच्या स्वयंपाकघरात मी वाचायला शिकले. ओट्यासमोरचं ते लाकडी टेबल, कॉफीचा वास, आणि तुम्ही समोर बसून माझ्या वहीत लाल शाईनं खुणा करताय. त्या टेबलावर मी जेवले आहे, तुमच्याच कपातून दूध प्यायले आहे. आईला सुरुवातीला ते फार अवघड वाटायचं. तिच्या माहेरी, तिकोणा पेठेच्या बाजूला, तिच्या आईला पाणी वरून ओतून मिळत होतं. तुम्ही आईचा हात धरून तिला त्याच टेबलाशी बसवलंत आणि चहा ओतलात. आई ते आजही सांगते. परवासुद्धा सांगितलं. त्या एका चहासाठी ती तुमचं सगळं गिळून बसली आहे, आणि मला कधीकधी वाटतं, तो चहा तुम्ही तिला पाजला नसता तर बरं झालं असतं. मग निदान तिला तुमचा राग धरता आला असता.

मी सातवीत होते त्या वर्षी वरच्या उतारावर नवे बंगले झाले. आठवड्याच्या शेवटाला भाड्यानं द्यायचे, निळ्या पोहण्याच्या तलावांचे. त्यांचा मालक तुम्हाला भेटायला पेढे घेऊन आला होता. सांडपाण्याची टाकी पक्की आहे, तुमच्या ओढ्याला थेंब लागणार नाही, असं त्यानं तुम्हाला सांगितलं आणि तुमचा त्याच्यावर विश्वास बसला, कारण तो चांगलं इंग्रजी बोलत होता. नाताळात ते बंगले माणसांनी भरून गेले. एका सकाळी आई ओढ्यावरून रिकामी टोपली घेऊन परत आली. दगडांवर फेस होता, वरच्या वाफ्यातल्या गोगलगाई उलट्या होऊन पडल्या होत्या आणि पाण्याला घाण येत होती. मी स्वयंपाकघरात अभ्यासाला बसले होते. आई दारात उभी राहून तुम्हाला म्हणाली, "बाई, ह्या आठवड्यात पाला नगा देऊ कुनाला. वरच्यांची घान वढ्यात उतारलीय."

तुम्ही चष्मा काढून तिच्याकडे बघितलंत. त्या दिवशी दुपारी तुमच्याकडे माणसं यायची होती. मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलचा मुख्य आचारी, त्याची बायको आणि तुमच्या दोन मैत्रिणी. तो तुमची भाजी हॉटेलसाठी घेणार होता, आणि तुम्ही आठवडाभर त्याचीच तयारी करत होतात. तुम्ही आईला म्हणालात, असं काही होत नाही, वाहतं पाणी आहे, दोनदा धू आणि आण. आई परत गेली. खालच्या वाफ्यातला, त्यातल्या त्यात चांगला पाला तिनं खुडला आणि तो दोनदा नाही, कितीदा तरी धुतला. मी तिच्याबरोबर हौदावर होते. तिला सहावा महिना होता. वाकून बसायला जड जात होतं म्हणून परात मी धरली होती.

व्हरांड्यात वेताच्या खुर्च्यांवर तुम्ही सगळे बसला होतात. आईनं पाल्याची थाळी मधल्या टेबलावर ठेवली. मी पाण्याचे ग्लास घेऊन तिच्या मागं. त्या आचाऱ्याच्या बायकोनं सहज विचारलं, कच्चंच खायचं का, नीट धुतलंय ना. आईला खोटं बोलता येत नाही. ती म्हणाली, "धुतलंय चांगलं. पन वढ्याचं पानी ह्या आठवड्यात बरं न्हाई."

तुमचा चेहरा मला दिसत होता. मग तुम्ही हसलात. आमची ही फार घाबरट आहे, असं पाहुण्यांना म्हणालात, आणि आईकडे वळून म्हणालात, "खा गं. तूच खाऊन दाखव यांना."

आईनं एक पान उचललं. तुम्ही म्हणालात, एवढंसं काय, घे चांगलं. तिनं मूठभर पाला घेतला, पदर पोटावर ओढून घेतला आणि उभ्यानं चावून चावून खाल्ला. सगळे बघत होते. मग पाहुण्यांनी दोन-दोन पानं उचलली. त्यांना पुढं काही झालं का, मला कळायला मार्ग नाही. मुंबईची माणसं मुंबईत आजारी पडतात. पण तुम्ही, बाई, त्या दिवशी एक पानही तोंडात घातलं नाहीत. ओढ्याकाठी फिरताना रोज एक काडी चघळणाऱ्या तुम्ही त्या दुपारी म्हणालात, मला आज पित्त झालंय.

मी त्या दिवशी यात काही पाहिलं नाही. मला फक्त आईची लाज वाटली, पाहुण्यांसमोर ती तसं बोलली म्हणून. हे मी पुढच्या काही वर्षांत जुळवलं, एकेक करून.

जानेवारीच्या शेवटी आईचे डोळे पिवळे झाले. आधी ताप आला, अन्नाचा वास नकोसा झाला, मग लघवी हळदीसारखी. वडिलांनी तिला तळेगावला दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, एरवी कावीळ महिन्या-दीड महिन्यात उतरते, पण पोटुशीला ही लई वाईट. आई काही दिवस माणसं ओळखत नव्हती. बाळ आतच गेलं. मुलगा होता. वडील आणि माझा चुलता त्याला घेऊन गेले आणि कुठं पुरलं हे वडिलांनी आईला कधी सांगितलं नाही, आईनंही विचारलं नाही. त्यानंतर तिला मूल झालं नाही.

ते दिवस मी तुमच्याकडे बंगल्यात होते. तुम्ही माझी वेणी घालायचात, डबा भरून द्यायचात, झोपताना माझ्या खोलीतला दिवा चालू ठेवायचात. आणि आईला दवाखान्यात नेलं त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा ओढ्यात दोन मजूर उतरलेले होते. ते क्रेस उपटत होते. सगळी, वरच्या वाफ्यापासून खालच्यापर्यंत, मुळासकट. तुम्ही शाल पांघरून काठावर उभ्या होतात. उपटलेल्या झाडांचा मोठा ढीग पडला होता आणि वाफ्यांत पांढरी पावडर मारलेली होती. तिचा वास मला माहीत होता. शाळेच्या पाण्याच्या टाकीत आमचे शिपाई पाटीलमामा तीच टाकायचे. ब्लीचिंग पावडर. मी विचारलं, का काढताय? तुम्ही म्हणालात, मोसम संपला.

जानेवारीत, बाई. जेव्हा ती सगळ्यात चांगली असते. जेव्हा तुम्ही एकेक पान मोजल्यासारखं खुडायला लावायचात आणि कुणी जास्त तोडलं तर दिवसभर बोलायचा नाहीत. डॉक्टरांनी तोवर कावीळ कशानं झाली याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. पुढंही कुणी खात्रीनं सांगितलं नाही, कुणी सांगूही शकत नाही. त्या वर्षी लोणावळ्यात आणखी चार घरी कावीळ होती, हे मलाही माहीत आहे. ती त्या मूठभर पाल्यानंच झाली असं मी कुणासमोर शपथेवर सांगू शकणार नाही. पण तुम्हाला माहीत होतं, किंवा तुम्हाला तसं वाटलं होतं. नाहीतर भर हंगामात तुम्ही तो वाफा उपटला नसतात. मला जे वाटतं ते तुम्हाला माझ्या आधी वाटलं होतं, आणि तुम्ही ते पावडर मारून झाकलंत. माझा राग पाल्यावर नाही. चूक कुणाकडूनही होते. माझा राग त्या दोन शब्दांवर आहे. मोसम संपला.

आई घरी आली तेव्हा तिच्या अंगावर नुसती कातडी होती. तुम्ही संत्री घेऊन आउटहाऊसमध्ये आलात, तिच्या उशाशी बसलात, तिचा हात हातात घेतलात आणि म्हणालात, देवाची इच्छा, आणि गावात साथ आहेच. आमच्या घरात देव्हारा नाही हे तुम्हाला माहीत होतं. तेव्हाही देवच आठवला तुम्हाला. आणि त्या वर्षीचा हिवाळा सरायच्या आत तुम्ही मला एक मफलर विणून दिलात, पिवळा. बाळासाठी तुम्ही विणायला घेतलेल्या स्वेटरचा रंग तोच होता. मी तो स्वेटर अर्धा झालेला पाहिला होता, आईच्या पोटावर धरून तुम्ही त्याचं माप गमतीनं बघितलं होतं. तीच लोकर उसवून तुम्ही मला मफलर केलात. लोकर वाया जाऊ नये असंच तुमच्या मनात असणार, दुसरं काही नाही, तुम्ही कागदाच्या पुड्यांचे दोरेही गुंडाळून ठेवायचात. आईनं तो माझ्या गळ्यात बघितला आणि भिंतीकडे तोंड केलं. मी तो दोन हिवाळे घातला. घातला नसता तर तुम्हाला वाईट वाटलं असतं, असं आईनंच मला सांगितलं.

मी दहावी झाले त्या सुट्टीत तुम्हाला विचारलं. तुमच्याच स्वयंपाकघरात, त्याच टेबलाशी. मी नीट वाक्य तयार केलं होतं. म्हटलं, बाई, तुम्ही क्रेस जानेवारीत का उपटली? तुम्ही हातातला कप खाली ठेवलात. आवाज चढवला नाहीत, तुम्ही कधीच चढवायचा नाहीत. माझ्यासमोर कागद सरकवलात, पेन दिलंत आणि म्हणालात, "कृतघ्न हा शब्द लिहून दाखव. घ ला न कसा जोडतात ते बघू दे मला."

मी लिहिला. बरोबर लिहिला. तुम्ही त्यावर लाल शाईनं खूण केलीत.

त्यानंतर आपण पुन्हा कधी तो विषय काढला नाही. तुम्ही मला पुण्याला पाठवलंत, बागायतीचा पदविका अभ्यासक्रम करायला लावलंत, सुट्टीत आले की माझ्यासाठी पुस्तकं काढून ठेवलेली असायची. मी घेत गेले. काय करणार होते? शिक्षण फेकून द्यायचं, की आईला तोंडघशी पाडायचं? तुम्ही मला देत राहिलात आणि प्रत्येक वेळी तो शब्द माझ्या घशात अजून थोडा खाली ढकलत राहिलात. आज सोमाटण्याला रस्त्याकडेला माझी नर्सरी आहे. शेडनेटखाली मीही क्रेस करते, पन्हळीत, बोअरच्या पाण्यावर, आणि ते पाणी दर हंगामाआधी तपासून घेते. कामावरच्या बायका हसतात, ताई पाण्याला लई भितात म्हणून. मी त्यांना कारण सांगत नाही.

तुमच्या शेवटच्या आजारपणात आईनं तुमचं सगळं केलं. अंग पुसलं, भांडं दिलं, चमच्यानं पेज भरवली. तुमची मुंबईची माणसं रविवारी येऊन फळं ठेवून जायची. मी आईला म्हटलं, पुरे आता, नर्स ठेवतील ते. ती म्हणाली, त्यांना परक्याच्या हातचं चालत न्हाई. मी तुम्हाला तेव्हा एकदाच भेटायला आले. तुम्ही माझ्याकडे बराच वेळ बघत होतात आणि मला वाटलं, आता सांगतील. दोन वाक्यं पुरली असती. चुकलं माझं, आणि मला तेव्हाच कळलं होतं. मला नाही, निदान आईला तरी. ती तिथंच पायाशी बसली होती, तुमच्या पायांना तेल लावत. तुम्ही म्हणालात, खिडकी लाव, वारा लागतोय. मी खिडकी लावली आणि निघून आले. तुम्ही जाताना तेवढंही ठेवून गेला नाहीत तिच्यासाठी. याचा मला जितका राग आहे तितका त्या थाळीचाही नाही.

तर आता पुतण्याचं. त्याचा फोन आल्यावर मी आईला सांगितलं. ती म्हणाली, लिही की चांगलं, बाईंसारखं मानूस न्हाई मिळायचं. आणि मलाही ने म्हणाली, बंगला बघायचाय. गेल्या रविवारी आम्ही दोघी गेलो. पुतण्या चांगला आहे, आईच्या पाया पडला. आउटहाऊसचं त्यानं चहा-कॉफीचं दुकान केलंय. मग तो आम्हाला हौसेनं मागं घेऊन गेला. ओढ्यात त्यानं वाफे केले होते. जुन्याच जागी, आईनं रचलेल्या दगडांवर. कुठल्याशा नर्सरीतून क्रेस मागवून लावली होती आणि ती छान फुटली होती. पाहुण्यांना आपल्या हातानं खुडून तिथंच खायला देणार, असं तो सांगत होता. वर उतारावर आता तुमच्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त बंगले आहेत. पाण्याला वास नव्हता. पण दगडांवर तो बुळबुळीत करडा थर होता, जो मला आता लांबूनही ओळखू येतो.

मी त्याला सांगितलं, हे पाणी कच्च्या पाल्याला चालणार नाही, पाटी लावू नकोस, क्रेस काढून टाक. तो म्हणाला, फिल्टर लावू. मी म्हटलं, ओढ्याला फिल्टर लागत नाही. मग मी त्याला सगळं सांगितलं. थाळी, पाहुणे, बाळ, ब्लीचिंग पावडर. आई शेजारी उभी होती, तरी सांगितलं. तिच्यासमोर मी हे पहिल्यांदाच बोलत होते. मग अगदी सौम्यपणे, तुमच्याच आवाजात, त्यानं मला विचारलं, "पण डॉक्टरांनी तसं म्हटलं होतं का, ताई?"

इतकी वर्षं सगळी वाक्यं तयार होती आणि त्यातलं एकही आलं नाही. आईच बोलली. "मला ठावं होतं पानी वंगाळ हाय ते," ती म्हणाली, त्याच्याकडे नाही, ओढ्याकडे बघत. "म्या खाल्लं. न्हाई खाल्लं आस्तं तर बाईंचं तोंड पडलं आस्तं चारचौघांत. मला वाटलं, झालं तर मला हुईल. प्वाटातल्याला लागंल ह्ये न्हाई कळलं मला." एवढं बोलून तिनं चपला काठावर काढल्या, लुगडं वर खोचलं आणि ती पाण्यात उतरली. सत्तरीला आलेली बाई. वरच्या वाफ्यापासून सुरुवात करून ती क्रेस उपटायला लागली. पुतण्या म्हणाला, मावशी, अहो राहू द्या, मी माणसं लावतो. ती म्हणाली, हितं लावू नये, बाळा. तेवढंच. तुमच्याबद्दल वावगा शब्द तिनं तेव्हाही काढला नाही.

मीही उतरले. क्रेसची मुळं खडीत घट्ट नसतात, नुसती ओढली की सगळी जाळी उचलून येते, पाणी ठिबकत. आम्ही दोघी ती काठावर टाकत गेलो. तुमच्या पुतण्यानं आधी नुसतं बघितलं आणि मग पँट दुमडून तोही खालच्या वाफ्यात उतरला. पाटी मात्र त्यानं सोडलेली नाही. निघताना पुन्हा म्हणाला, ताई, भाजीचं नको, पण काकूंवर काहीतरी लिहा. मी त्याला तोंडावर नाही म्हणून सांगितलं आणि त्यावर मी कायम आहे. हा कागदही त्याला मिळणार नाही.

वाफे रिकामे होत आले तेव्हा मला रडू फुटलं. मला रडायची सवय नाही, कसं थांबवायचं तेही कळेना. आई पाण्यातून चालत माझ्यापाशी आली, ओला हात माझ्या पाठीवर ठेवला आणि म्हणाली, रडू नगं, त्याला जाऊन लय वर्सं झाली. तिला वाटलं, मी माझ्या भावासाठी रडते आहे. मी तिला तसं वाटू दिलं.

मी त्याच्यासाठी नाही, तुमच्यासाठी रडत होते, बाई. आईला मी हे सांगितलेलं नाही. तुम्हालाही सांगणार नव्हते.